तांदूळ संपले, ज्वारी संपली

मराठी घरात ही दोन वाक्यं सारखी कानावर येतात: 'तांदूळ संपले' आणि 'ज्वारी संपली'. तांदळाचं अनेकवचन, ज्वारीचं एकवचन. दोन्ही धान्यंच, दोन्ही किलोवर विकत मिळतात आणि दोन्हींचे दाणे मोजायला कुणी बसत नाही. तरीही आपण 'मूग भिजत घातले' म्हणतो आणि लगेच पुढे 'मटकी भिजत घातली' म्हणतो. पोहे भिजवले जातात, साबुदाणा भिजवला जातो. हा फरक मराठीच्या तासाला कुणी फळ्यावर लिहून दाखवत नाही. तो दाखवावा लागत नाही, कारण शाळेत जायच्या आधीच तो मुलांच्या तोंडी बसलेला असतो.

बारकाईनं ऐकलं तर आणखी एक गंमत दिसते. डब्यातले तांदूळ 'संपले', पण बाजारातला तांदूळ 'महागला'. गिरणीत गहू दळायला 'दिले', पण शेतात यंदा गहू चांगला 'आला'. हाताखालून दाणे जात असतात तेव्हा अनेकवचन, आणि पीक किंवा माल म्हणून एकत्र विचार होतो तेव्हा एकवचन. उलटंही घडतं. घरात कायम एकवचनी असणारी ज्वारी काही भागांतल्या शेतकऱ्यांच्या बोलण्यात अनेकवचनी होते आणि 'ज्वाऱ्या काढायला आल्या' असं वाक्य ऐकू येतं. बोलणाऱ्याच्या डोळ्यांपुढे तेव्हा उभी शेतं असतात. धान्य तेच आहे. बदलते ती त्याच्याकडे पाहण्याची रीत.

इंग्रजीतल्या काउंटेबल आणि अनकाउंटेबल नामांचा धडा मराठी मुलांना इथूनच शिकवायला हवा, असं मला मनापासून वाटतं. महाराष्ट्रात 2000 सालापासून मराठी माध्यमाच्या शाळांतही पहिलीपासून इंग्रजी आलं. त्याआधीच्या कित्येक पिढ्या पाचवीपासून इंग्रजी शिकल्या, आणि त्यांतल्या अनेकांच्या घरी तर्खडकरांची भाषांतर-पाठमाला असायची. या सगळ्यांनी एक व्याख्या पाठ केली: जे मोजता येतं ते काउंटेबल, जे मोजता येत नाही ते अनकाउंटेबल. व्याख्या सोपी आहे, पण ती पहिल्याच वळणावर दगा देते. मनी हे नाम अनकाउंटेबल आहे. माणूस आयुष्यात सगळ्यात जास्त वेळा मोजतो ते पैसेच. बँकेत त्यासाठी यंत्रं बसवलेली असतात. मग विद्यार्थी 'मेनी मनी' लिहितो, आणि व्याख्येप्रमाणे त्याचं काहीच चुकलेलं नसतं.

मोजता येणं हा वस्तूचा गुण आहे आणि काउंटेबल असणं हा नामाचा. नामाच्या आधी थेट आकडा बसतो का, एवढंच पाहायचं. वन रुपी, टू रुपीज असं म्हणता येतं. वन कॉइन, टू कॉइन्स हेही चालतं. 'वन मनी, टू मनीज' चालत नाही, कारण मनी हे साऱ्या नाण्या-नोटांना मिळून दिलेलं एकत्र नाव आहे. चेअर मोजतात, फर्निचर मोजत नाहीत. मशीन मोजतात, मशिनरी मोजत नाहीत. पोएम मोजतात, पोएट्री मोजत नाहीत. इंग्रजी धान्यांतही हेच दिसतं. राइस आणि व्हीट ही नामं अनकाउंटेबल, पण ओट्स नेहमी अनेकवचनी आणि लेंटिल्स, बीन्सही तशीच. ओटचा दाणा गव्हाच्या दाण्यापेक्षा मोजायला सोपा आहे, असं काही नाही.

डेन्मार्कचे भाषाशास्त्रज्ञ ओटो येस्पर्सन यांनी 1924 साली प्रसिद्ध झालेल्या 'द फिलॉसॉफी ऑफ ग्रामर' या ग्रंथात या विषयावर सविस्तर लिहिलं. पाणी, चांदी, संगीत, यश अशा नामांना त्यांनी 'मास-वर्ड्स' म्हटलं आणि ही नामं ठरावीक आकार, ठरावीक सीमा डोळ्यांपुढे आणत नाहीत, असं सांगितलं. पुढे मानसशास्त्रज्ञांनी हे मुलांवर तपासून पाहिलं. रॉजर ब्राउन यांनी 1957 साली लहान इंग्रजीभाषक मुलांना एक चित्र दाखवलं: दोन हात एका भांड्यातला कसलासा पदार्थ मळत आहेत. मग त्यांनी एक निरर्थक शब्द घेतला, 'सिब'. ज्या मुलांना 'अ सिब' असं सांगितलं, ती पुढच्या चित्रांतून बहुतेक करून भांडं शोधत. ज्यांना 'एनी सिब' असं सांगितलं, ती पदार्थ शोधत. शब्दाचा अर्थ कुणालाच ठाऊक नव्हता. 'अ' आणि 'एनी' एवढ्या छोट्या शब्दांवरून मुलांनी ठरवलं की नाव वस्तूचं आहे की द्रव्याचं.

आता मराठी माणसाची खरी अडचण कुठे आहे ते पाहू. 'किती पाणी?' आणि 'किती माणसं?' या दोन प्रश्नांत 'किती' बदलत नाही. खूप पाणी, खूप माणसं. कमी पाणी, कमी माणसं. भरपूर, पुष्कळ, जास्त यांचंही तसंच. 'थोडा' मात्र बदलतो: थोडं दूध, थोडी साखर, थोडे पोहे, थोड्या शेवया. पण तो बदलतो लिंग आणि वचन पाहून. मराठीनं मोजण्या-न मोजण्याचा बराचसा भार क्रियापदावर आणि विशेषणाच्या शेवटच्या स्वरावर टाकला आहे. इंग्रजीत विशेषणं लिंग-वचनानुसार बदलायची शतकांपूर्वीच थांबली, आणि तिथं हा भार 'किती' ते सांगणाऱ्या शब्दांवर आला. म्हणून इंग्रजीला 'हाउ मच' आणि 'हाउ मेनी' असे दोन प्रश्न लागतात. 'मच पीपल' लिहिणाऱ्या मराठी मुलाला लोक आणि पाणी यांतला फरक कळत नाही, असं नाही. त्याची भाषा हा फरक वाक्याच्या शेवटी दाखवते आणि इंग्रजीला तो आधीच हवा असतो.

शब्दांची विभागणी एकदा नीट पाहून घेतली की पुरे. मेनी, फ्यू, अ फ्यू, फ्यूअर, सेव्हरल, बोथ हे शब्द मोजायच्या अनेकवचनी नामांसोबत येतात; ईच आणि एव्हरी मोजायच्याच, पण एकवचनी नामासोबत. मच, लिटल, अ लिटल, लेस, अ ग्रेट डील ऑफ हे न मोजायच्या नामांसोबत. सम, एनी, नो, मोअर, मोस्ट, ऑल, इनफ, प्लेन्टी ऑफ, अ लॉट ऑफ यांना दोन्ही चालतात. मराठीतही असे नामं निवडून घेणारे शब्द आहेतच. 'अनेक पाहुणे' म्हणतात, 'अनेक दूध' कुणी म्हणत नाही. 'मोजकी माणसं' असतात, 'मोजकं पाणी' नसतं. 'घोटभर पाणी' मागतात आणि 'चिमूटभर मीठ' घालतात. 'मूठभर' मात्र दोन्हीकडे जातो: मूठभर तांदूळ आणि मूठभर माणसं. इंग्रजीतला 'अ हँडफुल ऑफ' अगदी तसाच वागतो, आणि चमचाभर-स्पूनफुल या जोडीत तर 'भर' आणि 'फुल' यांचं कामही एकच आहे.

यातला मच हा शब्द वेगळा समजून घ्यायला हवा, कारण नियम पाळूनही त्याच्यामुळे वाक्य अवघडलेलं होतं. 'आय हॅव मच मनी' हे वाक्य व्याकरणात बसतं, पण रोजच्या बोलण्यात इंग्रज माणूस तसं म्हणत नाही. तो म्हणेल 'आय हॅव अ लॉट ऑफ मनी'. तोच माणूस 'आय डोन्ट हॅव मच मनी' अगदी सहज म्हणतो. मचला नकार आणि प्रश्न आवडतात. मराठीत याचा सख्खा भाऊ आहे: 'फारसा'. 'यंदा फारसा पाऊस झाला नाही' हे वाक्य सहज येतं, पण 'यंदा फारसा पाऊस झाला' असं कुणी बोलत नाही. एकट्या मचचं होकारी वाक्य लिहायची वेळ आली की तिथं 'फारसा' ठेवून पाहावं. कानाला खटकलं तर 'अ लॉट ऑफ' घ्यावं. 'टू मच', 'सो मच', 'ॲज मच' अशी सोबत मिळाली की मच होकारी वाक्यातही मोकळा वावरतो. मेनी इतका हट्टी नाही, होकारी वाक्यात तो थोडा औपचारिक वाटतो इतकंच.

'फारसा' आणखी एका ठिकाणी उपयोगी पडतो. 'ही हॅज अ फ्यू फ्रेंड्स' आणि 'ही हॅज फ्यू फ्रेंड्स' या दोन वाक्यांत फक्त एका 'अ'चा फरक आहे, पण पहिल्यात त्याला सोबत आहे आणि दुसऱ्यात तो एकटा आहे. मराठीत पहिलं होतं 'त्याला थोडेफार मित्र आहेत' आणि दुसरं 'त्याला फारसे मित्र नाहीत'. फ्यूचं मराठी करताना आपण नकाराकडे वळतो. हे लक्षात आलं की लिटल आणि अ लिटलही सुटतात: 'देअर इज अ लिटल मिल्क' म्हणजे चहापुरतं दूध आहे, आणि 'देअर इज लिटल मिल्क' म्हणजे दूध जवळपास नाहीच. अशा 'अ'चं महत्त्व परीक्षेपुरतं नसतं. शिफारसपत्रात 'ही हॅज मेड अ फ्यू मिस्टेक्स' आणि 'ही हॅज मेड फ्यू मिस्टेक्स' यांपैकी कुठलं वाक्य लिहिलं, यावर उमेदवाराचं काम चांगलं की सामान्य हे ठरतं. इथं 'अ' गाळला तर कौतुक होतं आणि ठेवला तर तक्रार.

टाइम या शब्दानं मुलं नेहमी गोंधळतात, आणि नेमकी तिथंच मराठी सर्वांत भक्कम आहे. मराठीत 'वेळ' हा शब्द दोन लिंगांत राहतो. 'किती वेळ लागला?' इथला वेळ पुल्लिंगी आहे, तो लांबत जाणारा काळ आहे, आणि त्याचं अनेकवचन आपण करत नाही. 'जेवणाची वेळ झाली' इथली वेळ स्त्रीलिंगी आहे, तिचं अनेकवचन 'वेळा', आणि त्या मोजता येतात: दोन वेळा, चार वेळा, खूप वेळा. 'खूप वेळ' म्हणजे मच टाइम आणि 'खूप वेळा' म्हणजे मेनी टाइम्स. शेवटचा एक काना सारं सांगतो. 'अनुभव' तर क्रियापदातून बोलतो. 'त्यांना शिकवण्याचा खूप अनुभव आहे' आणि 'त्यांना प्रवासात खूप अनुभव आले'. पहिला अनुभव साठलेला, दुसरे एकेक करून आलेले. इंग्रजीत पहिला मच एक्सपीरियन्स, दुसरे मेनी एक्सपीरियन्सेस. नोकरीच्या अर्जात पाच वर्षांचा अनुभव लिहायचा असेल तर तो पहिल्या प्रकारातला, म्हणून 'फाइव्ह इयर्स ऑफ एक्सपीरियन्स', शेवटी एस न लावता.

आता सगळ्यांत जास्त होणाऱ्या चुकांकडे येऊ. भारतीय इंग्रजीत इन्फर्मेशन्स, फर्निचर्स, लगेजेस, इक्विपमेंट्स, ॲडव्हायसेस, एव्हिडन्सेस, होमवर्क्स हे शब्द सर्रास दिसतात. यांचा दोष मातृभाषेवर टाकायची सवय आहे. मी हे शब्द मराठीत ठेवून पाहिले तेव्हा त्यांचे दोन स्पष्ट गट झाले.

पहिल्या गटात मराठी अगदी बरोबर आहे. 'माहिती' मिळते, 'माहित्या' मिळत नाहीत. 'सामान' उचलतात आणि विचारतात 'किती सामान आहे?' 'फर्निचर' हा शब्द आपण इंग्रजीतूनच घेतला आणि मराठीत तो नेमका न मोजायचा ठेवला: 'नवं फर्निचर केलं'. यंत्रसामग्री, वाहतूक, संशोधन, प्रगती, ज्ञान, ही सारी मराठीतही आकडा घेत नाहीत. त्यामुळे 'मेनी इन्फर्मेशन्स' लिहिणारा मराठीचा अनुवाद करत नाही. मराठीकडे त्यानं पाहिलेलंच नाही. एकापेक्षा जास्त म्हटलं की एस लावायचा, हा इंग्रजीचा नियम त्यानं गरजेपेक्षा पुढे ओढला आहे. या गटासाठी उपाय सोपा आहे. शब्द मनात मराठीत म्हणून पाहावा आणि त्याला 'दोन' लावून पाहावं. मराठी अडली तर इंग्रजीही बहुधा अडेल.

दुसऱ्या गटात मात्र मराठी फसवते. आपण दोन 'बातम्या' ऐकतो, चार 'सल्ले' देतो, 'पुरावे' गोळा करतो, 'दागिने' घालतो, 'पैसे' संपवतो, 'कामं' उरकतो, 'केस' विंचरतो. इंग्रजीत यांच्यासाठी न्यूज, ॲडव्हाइस, एव्हिडन्स, ज्युएलरी, मनी, वर्क, हेअर ही सगळी न मोजायची नामं. म्हणून 'आय हॅव सम वर्क्स', 'शी हॅज लाँग हेअर्स' ही वाक्यं मराठीच्या वाटेनं येतात. त्यातही वर्क्सला दुसरा अर्थ आहे. लेखकाचे ग्रंथ, चित्रकाराच्या कृती म्हणजे वर्क्स. हेअर मोजला तर तो ताटात सापडलेला एक केस होतो. न्यूज सर्वांत फसवा, कारण त्याच्या शेवटी एस आहे आणि तरी तो एकवचनी: 'द न्यूज इज गुड'. 'अ गुड न्यूज' मात्र चालत नाही. हा गट पाठच करावा लागतो. दुसरी युक्ती मला ठाऊक नाही, आणि आहे असं सांगून कुणाला भुलवू नये.

हे शब्द तर्कानं न मोजायचे झालेत, असंही मानू नये. फ्रेंचमध्ये माहिती आणि सल्ला दोन्ही मोजतात, फर्निचरच्या प्रत्येक वस्तूला स्वतंत्र नाव आहे आणि त्याचं अनेकवचन होतं. इंग्रजीतही एकेकाळी इन्फर्मेशन्स लिहीत, आणि शेक्सपिअरच्या काळात न्यूज अनेकवचनी म्हणूनही वापरत. उलट दिशेनं गेलेला शब्द म्हणजे पी, अर्थात वाटाणा. आधी शब्द होता 'पीज', राइससारखा न मोजायचा. शेवटचा आवाज एससारखा, म्हणून लोकांना तो अनेकवचनी वाटू लागला, आणि सतराव्या शतकात त्याच्यातून 'पी' हे नवं एकवचन निघालं. जुनं रूप 'पीज पुडिंग' या खाद्यपदार्थाच्या नावात टिकून आहे.

न मोजायचं नाम मोजायचंच असेल तर मधे एक माप घालावं लागतं. अ पीस ऑफ ॲडव्हाइस, अ पीस ऑफ न्यूज, अ पीस ऑफ लगेज, असा पीस बहुतेक ठिकाणी भागवून नेतो. पण इंग्रजीकडे नेमकी मापंही आहेत, आणि मराठी माणसाला त्यांचं नवल वाटू नये. शीट ऑफ पेपर म्हणजे कागदाचा ताव, बार ऑफ सोप म्हणजे साबणाची वडी, क्लोव्ह ऑफ गार्लिक म्हणजे लसणाची पाकळी, ग्रेन ऑफ राइस म्हणजे तांदळाचा दाणा. मेथीची जुडी, केळ्यांची फणी, गुळाची ढेप, कापसाची गासडी असे शब्द घरोघरी, बाजारात, शेतात वापरणाऱ्या माणसाची मापांची जाण कुठल्याही इंग्रजाइतकीच तयार आहे. शिकवताना या जोड्या समोरासमोर ठेवल्या तर मुलं त्या विसरत नाहीत.

लेस आणि फ्यूअर यांच्यावर मी थोडं थांबणार आहे, कारण या नियमाइतका वाद दुसऱ्या कुठल्याही नियमावर होत नाही. नियम असा: न मोजायच्या नामाला लेस, मोजायच्या नामाला फ्यूअर. लेस वॉटर, फ्यूअर बॉटल्स. ब्रिटनमधल्या टेस्को या दुकानसाखळीत थोड्या वस्तू घेणाऱ्यांच्या रांगेवर 'टेन आयटम्स ऑर लेस' अशी पाटी असे. आयटम मोजायचे, तेव्हा फ्यूअर हवं, असा आक्षेप वर्षानुवर्षं घेतला गेला. 2008 साली टेस्कोनं पाटी बदलून 'अप टू टेन आयटम्स' केली आणि दोन्ही शब्द बाजूला ठेवले.

इतिहास पाहिला तर लेसच्या बाजूनं बोलण्यासारखं बरंच आहे. नवव्या शतकातल्या राजा आल्फ्रेडच्या इंग्रजीतही लेस हा शब्द मोजायच्या नामासोबत सापडतो. तेव्हा नाम षष्ठीसारख्या विभक्तीत असे, म्हणजे रचना 'शब्दांचं कमी' अशी काहीतरी होती. पुढे इंग्रजीतले विभक्तिप्रत्यय गळाले आणि 'लेस वर्ड्स' एवढंच उरलं. कित्येक शतकं कुणाला त्यात वावगं दिसलं नाही. 1770 साली रॉबर्ट बेकर यांनी इंग्रजी भाषेविषयीच्या आपल्या पुस्तकात लिहिलं की संख्येबद्दल बोलताना आपल्याला लेसपेक्षा फ्यूअर अधिक बरं वाटतं. ती त्यांची आवड होती आणि त्यांनी ती आवड म्हणूनच मांडली होती. पुढच्या व्याकरणकारांनी तिचा नियम केला.

मोअरची गोष्ट याच्या उलट आहे. जुन्या इंग्रजीपासून सोळाव्या-सतराव्या शतकापर्यंत संख्येसाठी 'मो' आणि प्रमाणासाठी 'मोअर' असे दोन शब्द होते. 'मो' मागे पडला आणि मोअरनं दोन्ही कामं घेतली. मोअर वॉटर, मोअर बॉटल्स यावर आज कुणी बोट ठेवत नाही. जास्तीच्या बाजूला जो भेद इंग्रजीनं सोडून दिला, तोच कमीच्या बाजूला आग्रहानं धरून ठेवला.

मग आपण काय करावं? परीक्षेत आणि औपचारिक लेखनात फ्यूअर पाळावं. तिथं वाचणाऱ्याची अपेक्षा तीच असते. मात्र एक मोठा अपवाद ध्यानात ठेवावा. रक्कम, अंतर, वजन, काळ यांचे आकडे अनेकवचनी दिसले तरी ते एकच माप असतं, आणि तिथं लेसच बरोबर: लेस दॅन फाइव्ह हंड्रेड रुपीज, लेस दॅन टेन किलोमीटर्स, लेस दॅन टू वीक्स. पाचशे रुपये इथं पाचशे वेगवेगळी नाणी नसतात. मराठीत आपण 'पाचशे रुपये जास्त झाले' असं अनेकवचनात बोललो, तरी मनात रक्कम एकच असते. नियम ताठरपणे शिकलेली मुलं इथं फ्यूअर लावतात आणि बरोबर असलेलं वाक्य बिघडवतात. नंबर आणि अमाउंट यांचाही हाच न्याय: अ नंबर ऑफ पीपल, अ लार्ज अमाउंट ऑफ वॉटर. 'अ नंबर ऑफ स्टुडंट्स'पुढे क्रियापद अनेकवचनी येतं, 'द नंबर ऑफ स्टुडंट्स'पुढे एकवचनी.

शब्द एका गटातून दुसऱ्या गटात जातात हेही मुलांना लवकर सांगावं, नाहीतर ती शब्दांना कायमचे शिक्के मारून बसतात. टपरीवर आपण 'दोन चहा' म्हणतो तेव्हा चहाला पेल्याचा आकार आलेला असतो. इंग्रजीत तेच 'टू टीज', 'टू कॉफीज'. प्रकार सांगायचे असतील तरी नाम मोजता येतं. ऑइल अनकाउंटेबल, पण खाद्यतेलांच्या जाहिरातीत ऑइल्स. उलट्या बाजूनं, अ चिकन म्हणजे अंगणात फिरणारी कोंबडी आणि सम चिकन म्हणजे ताटातलं. 'आय एट अ चिकन' म्हटलं तर आख्खी कोंबडी खाल्ली असा अर्थ होतो. अमेरिकी तत्त्वज्ञ डेव्हिड लुइस यांनी यासाठी एका काल्पनिक यंत्राची कल्पना सुचवली होती. त्याला 'युनिव्हर्सल ग्राइंडर' म्हणतात. कुठलीही वस्तू त्यात घातली की पलीकडून तिचा लगदा निघतो, आणि तिचं नाम न मोजायचं होतं. जमिनीवर फुटून पसरलेल्या अंड्याबद्दल इंग्रजीत 'देअर इज एग ऑन द फ्लोअर' म्हणतात, त्यातला एग या यंत्रातून गेलेला असतो.

तरी व्याकरण आणि मन पूर्ण एक नसतात. मानसशास्त्रज्ञ डेव्हिड बार्नर आणि जेसी स्नेडेकर यांनी 2005 साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत इंग्रजीभाषकांना विचारलं: एकाकडे मोठ्या आकाराचं थोडं, दुसऱ्याकडे लहान आकाराचं पण संख्येनं अधिक, तर जास्त कुणाकडे? टूथपेस्टच्या बाबतीत त्यांनी एकूण माल पाहिला, बुटांच्या बाबतीत संख्या पाहिली. फर्निचरच्या बाबतीतही त्यांनी संख्याच पाहिली. म्हणजे 'मच फर्निचर' बोलणारा इंग्रज मनातल्या मनात खुर्च्या मोजतच असतो. 'फर्निचर्स' लिहिणाऱ्या आपल्या मुलाला अडाणी ठरवण्याआधी शिक्षकांनी हा निष्कर्ष जरूर आठवावा.

हे सगळं लक्षात कसं ठेवायचं, याचं उत्तर शब्दकोशात आहे, आणि त्या उत्तरामागे जपानमधलं बरंच काम आहे. हॅरल्ड पामर 1922 साली इंग्रजी शिक्षणाच्या कामासाठी जपानला गेले, आणि ए. एस. हॉर्नबी 1924 साली तिथं शिकवायला गेले. जपानी नामांना सक्तीचं अनेकवचन नसतं, आणि वस्तू मोजताना आकड्यासोबत वस्तूच्या आकाराप्रमाणे वेगळा मापशब्द लागतो, चपट्या वस्तूंना एक, लांबट वस्तूंना दुसरा. अशा विद्यार्थ्यांना इंग्रजी नाम मोजायचं की नाही हे कुठेतरी लिहून देणंच भाग होतं. 1942 साली टोकियोत प्रसिद्ध झालेल्या हॉर्नबी आणि सहकाऱ्यांच्या कोशात नामांपुढे सी (काउंटेबल) आणि यू (अनकाउंटेबल) या खुणा आल्या. तोच कोश 1948 साली ऑक्सफर्डनं काढला आणि पुढे ऑक्सफर्डचा विद्यार्थी-कोश म्हणून जगभर गेला. आपल्याकडे अर्थ मिळाला की कोश मिटला जातो, आणि मोबाइलवर तर अर्थाखाली कुणी जातच नाही. त्या एका अक्षरासाठी थांबायची सवय मुलांना लावावी. एक्सपीरियन्सपुढे दोन्ही खुणा दिसतील, प्रत्येकीचा अर्थ वेगळा आणि उदाहरणही वेगळं.

डेटा या शब्दापाशी मात्र कोशही एकच एक निकाल देत नाहीत. मूळ लॅटिनमध्ये तो अनेकवचनी, त्याचं एकवचन डेटम. कित्येक शास्त्रीय नियतकालिकं आजही 'दीज डेटा आर' असं छापतात, आणि संगणकाच्या जगात 'धिस डेटा इज', 'हाउ मच डेटा' हे रूढ झालं आहे. दोन्ही प्रयोग चालू आहेत आणि दोन्ही लिहिणारे जाणते लोक आहेत. प्रबंध किंवा शोधनिबंध लिहिणाऱ्यानं आपलं नियतकालिक किंवा विद्यापीठ काय वापरतं ते आधी पाहावं, त्यांतलं एक निवडावं आणि पहिल्या पानापासून शेवटच्या तक्त्यापर्यंत तेच ठेवावं.